हलव्याचे दागिने घरी कसे करावेत

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी साडी नेसवून हलव्याच्या दागिन्यांनी सजवण्याची, आणि घरातल्या लहान बाळाला काळे झबले घालून बोरन्हाणाच्या वेळी हलव्याचा मुकुट चढवण्याची पद्धत महाराष्ट्रात आजही हौसेने पाळली जाते. हे दागिने आता बाजारात तयार मिळतात, परंतु त्यांतल्या पुष्कळशा संचांत सोनेरी लेस आणि पुठ्ठाच अधिक दिसतो, हलवा नावापुरता कडेला चिकटवलेला असतो. हलव्याच्या दागिन्याचे सारे सौंदर्य काळ्या रंगावर उठून दिसणाऱ्या पांढऱ्याशुभ्र काट्यांत आहे, तेव्हा दागिना घरी करायचा तर त्यात हलवाच ठसठशीत दिसावा, अशा बेताने तो करावा, असे माझे मत आहे. तिळवण आणि बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सोयीच्या दिवशी करता येते, त्यामुळे कामाला पुरेसा अवधीही मिळतो. तरीही समारंभाच्या किमान पंधरा दिवस आधी सुरुवात करावी, कारण हे काम घाईने उरकू म्हटले तर दाणे फुटतात आणि गोंद ओला राहतो.

हलवा: विकतचा की घरचा

दागिन्यांसाठी हलवा विकत घेण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र तो खाण्यासाठी घेतो तसा सरसकट न घेता निवडून घ्यावा. मूठभर दाणे तळहातावर घेऊन हलवले असता कोरड्या हलव्याचा खुळखुळ असा स्वच्छ आवाज येतो. सर्दावलेला हलवा मात्र बोटांना किंचित चिकटतो आणि त्याचे काटे बोथट झालेले असतात. असा हलवा दागिन्याला निरुपयोगी समजावा, कारण तो पुन्हा वाळवला तरी गेलेले काटे परत येत नाहीत. पिशवीच्या तळाशी साखरेची पूड फार साठली असेल, तर काटे वाहतुकीत झडले आहेत असे समजून दुसरी पिशवी मागावी.

घरी हलवा करायचा असेल तर मन आणि मनगट दोन्ही शांत हवे. दोन वाट्या साखरेत ती बुडेल इतके पाणी घालून उकळी आणावी, चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाकावी, पाक गाळून घ्यावा आणि पुन्हा आटवून एकतारी करावा. काही जण पाकात लिंबू पिळतात, परंतु दागिन्यांच्या हलव्यासाठी मी ते टाळण्याचा सल्ला देईन, कारण आंबटपणामुळे साखरेचे स्फटिक नीट बनत नाहीत आणि तयार झालेला दाणा हवेतला ओलावा लवकर शोषून घेतो. जाड बुडाच्या परातीत दोन चमचे तीळ किंवा खसखस घेऊन परात अगदी मंद आचेवर ठेवावी. पूर्वी यासाठी निखाऱ्यांवर राख पसरलेली शेगडी वापरत. आज गॅसवर तवा ठेवून त्यावर परात ठेवली, तर तितकीच सौम्य आच मिळते. तीळ कोमट झाले की चहाचा एक चमचा पाक त्यांवर सोडावा आणि बोटांनी गोल फिरवत राहावे. पाक दाण्यांवर पूर्ण वाळून ते सुटे झाल्याशिवाय पुढचा चमचा घालू नये, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम होय. एकदम जास्त पाक पडला तर दाण्यांचे गोळे होतात, आणि आच वाढली तर पाक दाण्याला धरण्याआधीच त्याची पिठीसाखर होऊन जाते. अशी पूड दिसू लागली की दाणे चाळून घ्यावेत आणि परात पुसून पुन्हा सुरुवात करावी.

पहिले बरेच थर नुसते गुळगुळीत चढतात आणि त्या अवस्थेत अनेकांचा धीर सुटतो. दाणा पुरेसा फुगला की त्यावर बारीक काटे दिसू लागतात. त्यानंतर बोटांनी चोळणे थांबवून परात नुसती हलवत दाणे फिरवावेत, नाहीतर उगवलेले काटे आपल्याच हाताने मोडतात. हे काम एका बैठकीत संपत नाही. रोज थोडे थोडे थर देत दोन-तीन दिवस किंवा अधिकही लागू शकतात, आणि मधल्या वेळात दाणे झाकून कोरड्या जागी ठेवावे लागतात. थंड, कोरड्या हवेत काटा चांगला फुलतो. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर हवेत दमटपणा असल्याने तेथे दुपारची वेळ निवडावी आणि पंखा दाण्यांवर थेट येणार नाही असे पाहावे. लोलकांसाठी आणि पदकांसाठी मोठा दाणा हवा असेल, तर तिळाऐवजी कोरडा भाजलेला साबुदाणा वापरावा, म्हणजे कमी थरांत मोठा आकार मिळतो.

हलवा हाती आला की तो निवडायला बसावे. मोठे व चौफेर काट्यांचे दाणे लोलकांसाठी, मध्यम व एकसारख्या आकाराचे दाणे सरांसाठी, आणि बारीक दाणे कडांसाठी, असे तीन वाडग्यांत वेगळे करावेत. एका बाजूने चपटे झालेले दाणे टाकू नयेत, कारण चिकटवण्याच्या कामात त्यांच्यासारखे सोयीचे दाणे नाहीत. हिशेबासाठी साधारण असे धरावे, की सहा-सात मिलिमीटरचा दाणा गाठीसह एक सेंटीमीटर जागा घेतो, म्हणजे साठ सेंटीमीटरच्या सराला साठ दाणे लागतात. तीन पदरी हारासाठी एकशे ऐंशी दाणे झाले. त्यावर एक तृतीयांश दाणे तुटफुटीसाठी जास्त धरावेत.

सर ओवण्याऐवजी गाठवणे

हलव्याच्या दाण्याला सुईने भोक पाडण्याचा प्रयत्न करू नये. दाणा हमखास दुभंगतो, आणि सुई तापवून टोचली तर साखर वितळून त्या जागी पिवळट डाग पडतो. म्हणून हलव्याचा सर ओवत नाहीत, तो गाठवावा लागतो. त्यासाठी क्रोशाचा पांढरा सुती दोरा सर्वांत उत्तम. रेशमी किंवा नायलॉनचा दोरा दाण्यावरून घसरतो, सुती दोऱ्याचे तंतू मात्र काट्यांत अडकून दाण्याला धरून ठेवतात.

तयार सराची जी लांबी हवी, तिच्या अडीचपट लांबीचे दोन दोरे घ्यावेत. दोन्ही दोरे एकत्र करून टोकाशी, बांधण्यासाठी वीतभर दोरा सोडून, एक गाठ मारावी आणि ते टोक उशीला टाचणीने किंवा पाटाच्या कडेला चिकटपट्टीने पक्के करावे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. आता दोन दोऱ्यांच्या मध्ये पहिला दाणा गाठीला टेकवून ठेवावा. एक दोरा दाण्याच्या वरून आणि दुसरा खालून जाईल असे पाहावे, आणि दाण्याच्या पलीकडे दोन्ही दोरे एकत्र धरून साधी गाठ घ्यावी. गाठ घट्ट करण्यापूर्वी डाव्या हाताच्या तर्जनीच्या नखाने ती हळूहळू दाण्याकडे सरकवत न्यावी आणि अगदी चिकटल्यावर मगच दोरे विरुद्ध दिशांना ओढावेत. ओढताना दोरा काट्यांच्या मधल्या खाचेत बसल्याचे बोटांना कळते. तसे झाले नाही आणि दोरा काट्याच्या टोकावरच राहिला, तर दाणा किंचित फिरवून खाच शोधावी. पुढचा दाणा ठेवण्यापूर्वी दोन्ही दोऱ्यांना एक पीळ द्यावा, म्हणजे या दाण्याला वर-खाली असलेले दोरे पुढच्या दाण्याला उजवी-डावीकडून येतात आणि सर एका अंगाला वळत नाही.

पहिल्या दहा-पंधरा दाण्यांत हात अडखळतो. गाठ फार जोरात ओढली की दाणा चिरतो, सैल राहिली की तो निसटतो. बोटांना योग्य ओढ एकदा कळली की काम वेगाने होते आणि मग त्यात मन रमते. दर पाच दाण्यांनंतर एक सोनेरी मणी किंवा मोती ओवला, तर सराला उठाव येतो. मण्यात दोन्ही दोरे एकत्र घालून दोन्ही बाजूंना गाठ द्यावी. मण्याचे भोक दोन दोऱ्यांना पुरेसे मोठे आहे की नाही, ते विकत घेतानाच पाहावे. अशा सराला कोठेही गोंद लागत नाही, आणि मला हाच हलव्याचा सर्वांत देखणा दागिना वाटतो.

तीन पदरी हार करताना तिन्ही सर एकाच लांबीचे केले तर ते एकमेकांवर चढतात. आतल्या सरापेक्षा मधला दोन इंचांनी आणि बाहेरचा चार इंचांनी मोठा ठेवावा. तिन्ही सरांची टोके एकत्र करून त्यांत काळी किंवा लाल रेशमी नाडी गुंफावी आणि मानेमागे बांधण्यासाठी दोन्ही बाजूंना आठ-दहा इंच नाडी सोडावी. बांधायची नाडी असली की माप थोडे कमी-जास्त झाले तरी अडत नाही.

मंगळसूत्र

संचातल्या या दागिन्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण सुनेच्या अंगावर पहिली नजर त्याकडेच जाते. काळे मणी नेहमीच्या दोऱ्यात दुपदरी ओवून घ्यावेत, आणि दर दीड-दोन इंचांवर वर सांगितल्याप्रमाणे एक हलव्याचा दाणा गाठवावा. काळ्या मण्यांमध्ये पांढरा दाणा इतका खुलतो की जास्त दाण्यांची गरज भासत नाही.

वाट्यांसाठी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद चांगला. साधारण अडीच सेंटीमीटर व्यासाची दोन वर्तुळे कापावीत, प्रत्येकाला कडेपासून मध्यापर्यंत एक सरळ छेद द्यावा, छेदाच्या कडा एकमेकींवर थोड्या सरकवून चिकटवाव्यात, म्हणजे उथळ वाटीचा आकार येतो. वरून सोनेरी कागद लावावा. वाटीच्या शेंड्यावर काटेदार असा एकच मोठा दाणा आणि कडेने बारीक दाण्यांची एक ओळ बसवावी. सारी वाटी दाण्यांनी भरून टाकली तर तिचा वाटीपणा हरवतो. वाट्या जोडण्याचा दोरा चिकटवून ठेवू नये, तर कागदाला सुईने दोन भोके पाडून त्यांतून शिवून घ्यावा, कारण सारे वजन त्याच जागी येते.

गोंदाचे काम

चिंचपेटी, बाजूबंद, कंबरपट्टा, कानातले आणि मुकुट यांना पाठीमागे आधार लागतो. पुठ्ठा सहज मिळतो, परंतु तो वाकवला की मोडतो आणि मोडलेल्या रेषेवरचे दाणे उडतात. शिंपी कॉलरमध्ये घालतात ते जाड बक्रम याहून पुष्कळ चांगले. ते अंगाच्या वळणाप्रमाणे वाकते, कात्रीने सहज कापले जाते आणि त्याला मागून अस्तरही शिवता येते. अस्तर मऊ सुती कापडाचे असावे. हलव्याचे काटे रेशमी साडीच्या धाग्यांत अडकतात, म्हणून अस्तर दागिन्याच्या कडेपेक्षा किंचित बाहेर येईल असे कापावे.

फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाणी असते आणि पाण्याने साखर विरघळते, ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे काम बिघडत नाही. गोंद बाटलीतून थेट दाण्यावर लावू नये. बक्रमवर त्याची पातळ रेघ ओढावी, ती थोडी सुकून चिकट होईपर्यंत थांबावे, आणि मग चिमट्याने एकेक दाणा चपट्या बाजूने ठेवून हलकेच दाबावा. एक ओळ पूर्ण वाळल्यावर दुसरी ओळ घ्यावी. सगळ्या ओळी एकदम लावल्या तर गोंदाचा ओलावा दाण्यांमध्ये कोंडतो आणि दुसऱ्या दिवशी दाणे खालून विरघळून बसलेले दिसतात. ग्लू गनचा गोंद पाण्याचा नसल्याने साखरेला अपाय करत नाही, परंतु त्याचे तंतू काट्यांत कोळिष्टकासारखे अडकतात आणि बोट भाजण्याची भीती असते. म्हणून तो मोठ्या दाण्यांपुरता आणि पाठीमागच्या जोडांपुरताच वापरावा.

चिंचपेटीसाठी गळ्याचे माप घेऊन बक्रमची सुमारे पाऊण इंच रुंद पट्टी कापावी. तिच्यावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत चार मध्यम दाणे बसवावेत आणि चौकटींच्या मधल्या रेषांवर बारीक मोती लावावेत. खालच्या कडेला छोटे मोती लोंबते शिवले की पेटी पूर्ण होते. बाजूबंद आणि कंबरपट्टा याच रीतीने करावेत. कंबरपट्ट्यावर सर्वत्र दाणे लावण्याऐवजी समोर एक मोठे पदक आणि दोन्ही बाजूंना अंतर सोडून फुले अशी रचना ठेवावी, कारण बसताना पट्टा वाकतो आणि सलग लावलेले दाणे एकमेकांवर घासून गळतात. बांगड्यांसाठी जुन्या प्लॅस्टिकच्या बांगडीला सुती पट्टी गुंडाळून तिच्या केवळ बाहेरच्या अंगाला दाणे लावणे पुरेसे आहे. कानातल्यांसाठी आणि नथीसाठी बारीकच दाणे घ्यावेत, आणि नथ तर दाबाची करून शक्य तितकी हलकी ठेवावी.

जावयासाठी हार आणि हलव्याने मढवलेला नारळ करण्याची पद्धत आहे. नारळ सोललेला आणि पूर्ण कोरडा असावा, आणि त्यावर आधी पातळ कागद चिकटवून घ्यावा, म्हणजे दाण्यांना धरायला सपाट जागा मिळते.

बाळाचे दागिने

बाळाच्या दागिन्यांचे नियम वेगळे आहेत आणि ते काटेकोरपणे पाळावेत. त्यांत टाचणी, तार, स्टेपलची पिन किंवा सुटा मणी असता कामा नये. मोत्यांऐवजी कापडाची छोटी फुले शिवावीत. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि हलव्याचा कडक दाणा लहान बाळाच्या घशात अडकू शकतो, म्हणून हाताला सहज लागणाऱ्या बाजूबंदापेक्षा मुकुट आणि पाठीमागे बांधलेला कंबरपट्टा बरा. गळ्यातला हार फोटोपुरता घालून लगेच काढावा. डोक्यावरून बोरे, चुरमुरे आणि हलवा ओततानाही हेच भान ठेवावे आणि खाली पडलेले दाणे बाळाच्या हाती लागण्यापूर्वी मोठ्या मुलांना वेचू द्यावेत.

मुकुटाचे माप डोक्याभोवती टेप धरूनच घ्यावे. वर्षाच्या आसपासच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण पंचेचाळीस सेंटीमीटर असतो, परंतु मुकुटाची पट्टी त्याहून पाच-सहा सेंटीमीटर लहान ठेवून उरलेले अंतर मऊ नाडीने बांधावे. मुकुट समोरून चार बोटांपेक्षा उंच करू नये, नाहीतर तो बाळाच्या डोळ्यांवर घसरतो आणि बाळ रडू लागले की सारा समारंभ तेथेच थांबतो. आतल्या बाजूला दुपदरी मऊ मलमल शिवावी. मुलाला कृष्ण करायचे असल्यास कागदाच्या सुरळीवर सोनेरी कागद गुंडाळून बासरी करावी, पण तिला हलवा लावू नये, कारण ती पहिल्या क्षणी तोंडात जाणार हे नक्की.

साठवण आणि वापर

तयार दागिने हवाबंद डब्यात, टिश्यू पेपरच्या थरांमध्ये, एकावर एक भार न टाकता ठेवावेत. डब्यात सिलिका जेलची पाकिटे किंवा कोरड्या भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवली तर ओलावा शोषला जातो. सिलिका जेल मुलांच्या हाती लागणार नाही याची काळजी घ्यावी. डबा फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण बाहेर काढताच थंड दाण्यांवर दव धरते आणि काटे विरघळतात. मुंग्यांपासून बचावासाठी पाण्याच्या परातीत पालथे भांडे ठेवून त्यावर घट्ट झाकणाचा डबा ठेवावा. मुंग्यांची पावडर किंवा खडू दागिन्यांच्या जवळपासही नको.

दागिने दुसऱ्या गावी न्यायचे असतील, तर प्रत्येक सर पुठ्ठ्यावर सरळ पसरून दोन्ही टोके दोऱ्याने टाचून घ्यावीत. सोबत पन्नासेक सुटे दाणे, थोडा गोंद आणि सुई-दोरा बांधून द्यावा, कारण ऐन वेळी दोन-चार दाणे गळतातच.

समारंभाच्या दिवशी साडी, केस आणि अत्तर हे सारे आटोपल्यावर सर्वांत शेवटी दागिने चढवावेत. अत्तराचा किंवा केसांच्या फवाऱ्याचा एक शिडकावाही काटे बोथट करतो. घालताना आधी कंबरपट्टा, मग बाजूबंद आणि बांगड्या, त्यानंतर गळ्यातले आणि अखेरीस कानातले व नथ, असा क्रम ठेवला तर हात उचलताना कोणताही सर अडकत नाही. फोटो आधी काढून घ्यावेत आणि जेवणापूर्वी दागिने उतरवावेत, कारण घामाने मानेजवळचे दाणे प्रथम चिकट होतात.

गोंद लागलेला हलवा कोणी खाऊ नये आणि मुलांनाही तो देऊ नये. गाठवलेल्या सरांना गोंद लागलेला नसला, तरी ते अंगावर वापरलेले असल्याने खाण्यासाठी वेगळा हलवा ठेवणेच बरे. समारंभ झाल्यावर दागिने कोमट पाण्यात बुडवून ठेवले की साखर विरघळून जाते. काळे मणी, मोती आणि नाड्या धुऊन वाळवून पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतात, आणि बक्रमच्या पट्ट्यांचे माप कागदावर उतरवून ठेवले तर घरातल्या पुढच्या तिळवणीला नव्याने आखणी करावी लागत नाही.